गावच्या वाचनालयात संगणक आला, आता पुढे काय? नव्या ग्रंथपालासाठी क्रमवार पायऱ्या

गोव्यातल्या एखाद्या गावच्या वाचनालयाला संगणक मिळाला की समितीचा पहिला ठराव बहुधा ठरलेला असतो: आधी सगळी पुस्तकं संगणकात चढवू, मग देवघेव, मग बाकीचं. हिशेब करून बघा. पाच हजार पुस्तकं, एक अर्धवेळ ग्रंथपाल, दिवसाला वीस नोंदी. अडीचशे कामाचे दिवस झाले. मधे चतुर्थी येते, पावसात दोन आठवडे वीज ये-जा करते, समिती बदलते आणि दीड हजार नोंदींवर काम थांबतं. संगणकावर प्लॅस्टिकचं आवरण चढतं.

म्हणून इथला क्रम उलटा आहे. गेल्या दोन वर्षांत जी पुस्तकं खरोखर बाहेर गेली ती शोधा. सामान्य गावात ती पाचशे-सहाशेच्या वर जात नाहीत. तेवढी आधी चढवा. वीसच्या वेगाने सहाशे म्हणजे तीस दिवस. त्यांच्यावर देवघेव सुरू करा, त्यांतलीच चाळीस घेऊन वाड्यावर (गावातल्या लांबच्या वस्तीवर) जा आणि उरलेली साडेचार हजार सावकाश होऊ द्या. एखादं जुनं पुस्तक कुणी मागितलं की त्याच वेळी त्याची नोंद करायची, म्हणजे वाचकच काम पुढे नेतात.

सुरुवातीला काय लागेल

कागद: दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक, म्हणजे दाखलअंक, देणारी वही; सगळे खंड, फाटलेलेही), सभासद नोंदवही, गेल्या दोन वर्षांची देवघेव नोंदवही, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि घटना, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, आणि संगणकीकरणाला मान्यता देणारा कार्यकारी समितीचा ठराव. ठरावात सॉफ्टवेअरचं नाव, पासवर्ड कुणाकडे राहणार आणि बॅकअप कुणाच्या घरी राहणार हे तिन्ही लिहून घ्या. पासवर्ड एकट्या ग्रंथपालाकडे असला आणि तो नोकरी सोडून गेला की वाचनालय स्वतःच्याच तालिकेबाहेर (पुस्तकांच्या यादीबाहेर) राहतं.

साधनं: आठ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेला साधा संगणक, ६०० व्हीएचा यूपीएस (संगणक नीट बंद करायला दहाएक मिनिटं मिळतात, तेवढी पुरे), यूएसबीचा हातात धरायचा बारकोड स्कॅनर, लेझर प्रिंटर, चिकट लेबलांचे कागद, एक टीबीच्या दोन बाह्य हार्ड डिस्क आणि आर्द्रतामापक. इंकजेट प्रिंटर कुणी देणगीत दिला तर आभार मानून कार्यालयीन पत्रांसाठी ठेवा. त्याची शाई पाण्यात फुटते आणि जूनमध्ये गोव्यात हवेलाच पाणी सुटतं.

१. आधी कपाट, मग कळफलक

नोंद करण्यापूर्वी पुस्तकं मोजा आणि वेगळी करा. दाखल नोंदवहीत आहे पण कपाटात नाही, कपाटात आहे पण नोंदवहीत नाही, आणि दोन्हीकडे आहे पण वाळवी लागली आहे, असे तीन गठ्ठे हमखास निघतात. पहिल्या गठ्ठ्याची यादी समितीपुढे ठेवा. दुसऱ्याला नवे दाखलअंक द्या. तिसरा गठ्ठा बाद करताना मात्र ठराव हवाच, नाहीतर लेखापरीक्षक पुस्तकांची किंमत विचारतो तेव्हा उत्तर नसतं.

स्पर्धा परीक्षांची तीन वर्षांपेक्षा जुनी मार्गदर्शकं, एकाच कादंबरीच्या सहा प्रतींपैकी चार, पानं गळलेली पाठ्यपुस्तकं ही सहज बाद होतात. पण काही गोष्टी कितीही फाटल्या तरी बाद करू नयेत: देवस्थानांच्या आणि नाट्यमंडळांच्या स्मरणिका, मुक्तिलढ्याच्या काळातल्या पुस्तिका, गावातल्या माणसाने स्वखर्चाने छापलेले कवितासंग्रह, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक. पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत त्यांची दुसरी प्रत असेलच असं नाही. त्या बाजूला ठेवा, शेवटच्या पायरीत लागतील.

बुरशी आलेलं पुस्तक बाकीच्यांत परत ठेवू नका. कोरड्या हवेशीर जागी उभं उघडं ठेवा आणि सुकल्यावर मऊ ब्रशने बाहेरच्या बाहेर झाडा. कडक उन्हात टाकलं तर बुरशी मरते, पण कागद ठिसूळ होतो.

२. सॉफ्टवेअर: आधी चौकशी, मग निवड

गावच्या वाचनालयांपुढे प्रामुख्याने दोन पर्याय असतात. ई-ग्रंथालय हे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने बनवलेलं. कोहा हे मुक्त स्रोत, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी १९९९ साली लिहायला घेतलेलं आणि २००० पासून वापरात असलेलं. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. दोन्हींत तालिका, देवघेव, सभासद, अहवाल सगळं आहे.

निवडण्यापूर्वी पणजीच्या पाटो भागात एक खेप मारा. कला आणि संस्कृती संचालनालय आणि कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय दोन्ही तिथेच आहेत. १८३२ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेलं हे ग्रंथालय, आणि राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९९३ चा. तिथे तीन प्रश्न विचारा: आमच्या तालुक्यातली वाचनालयं कोणत्या प्रणालीवर आहेत, अनुदानासाठी अहवाल कोणत्या नमुन्यात लागतो, आणि राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या पुस्तक साहाय्यासाठी अर्ज कधी घेतले जातात. शेजारची वाचनालयं ज्या प्रणालीवर असतील तीच घ्या. अडलं तर फोन करायला माणूस असणं हे सॉफ्टवेअरच्या शंभर सोयींपेक्षा मोठं.

कोहा घेणार असाल तर लक्षात ठेवा, ते लिनक्सवर चालतं. सर्व्हर म्हणून एक संगणक डेबियन किंवा उबुंटूवर ठेवावा लागतो, बाकीचे संगणक कोणतेही चालतील कारण काम ब्राउझरमधून होतं. बसवणारा माणूस पैसे मागायच्या आधी त्याच्याकडून देवनागरी शोधाची परीक्षा घ्या. कोहाचं मूळ शोधयंत्र रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून लावलेलं असतं. देवनागरीसाठी त्यात आयसीयू नावाची, इतर लिप्यांनाही चालणारी शब्दसूची चालू करून सगळी सूची नव्याने बांधावी लागते. हे केलं नसेल तर पुस्तक दिसतं, पण शोधल्यावर सापडत नाही. पाच पुस्तकं भरा, प्रत्येकाच्या शीर्षकातला मधला शब्द टाकून शोधा. जोडाक्षर, रफार, अनुस्वार आणि ॲ असलेले शब्द मुद्दाम निवडा. पाचही सापडले तरच बिल.

३. नोंदी: इथेच सगळं बिघडतं

ज्यांच्याकडे आधीची यादी एक्सेलमध्ये आहे त्यांना वाटतं, अर्धं काम झालं. बऱ्याचदा ती यादी दुप्पट काम देते. तीन गोष्टी तपासा.

पहिली, फाँट. यादी जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली असेल तर तो फाँट काढताच अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार आणि वेलांटी हमखास चुकतात, म्हणून रूपांतरानंतर प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घाला. दुसरी, आकडे. एक्सेल ००१२३ चा १२३ करतं आणि तेरा अंकी आयएसबीएनचं ९.७८ आणि पुढे घातांक असं रूप करून शेवटचे अंक गिळतं. स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. तिसरी, साठवण. साध्या सीएसव्हीत साठवलं की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. यादीतून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असाच पर्याय निवडा, किंवा लिब्रे ऑफिसमध्ये काम करा, ते साठवताना निदान विचारतं तरी.

नव्याने नोंद करताना इंग्रजी पुस्तकांना आयएसबीएन टाकून बाहेरच्या ग्रंथालयातून तयार नोंद उतरवता येते. एका तासात पंचवीस-तीस होतात. मराठी पुस्तकांचं तसं नाही. जुन्या पुस्तकांना आयएसबीएनच नाही, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून मराठी पुस्तकाची नोंद मिळाली तर ती रोमन लिपीत, डोक्यावर रेघा असलेल्या अक्षरांत येते. ती तशीच ठेवली तर गावातला वाचक देवनागरीत शोधेल आणि रिकाम्या हाताने परत जाईल. शीर्षक (२४५) आणि लेखक (१००) देवनागरीत पुन्हा लिहा, रोमन रूप पर्यायी शीर्षकात (२४६) ठेवा; कंसातले आकडे म्हणजे नोंदीतल्या रकान्यांचे ठरलेले क्रमांक. अशी मराठी पुस्तकं तासाला आठ-दहा झाली तरी पुष्कळ.

किमान इतकं भरा: लेखक, शीर्षक, प्रकाशक व वर्ष, पृष्ठसंख्या, भाषा, वर्गांक, दाखलअंक, किंमत. विषयशीर्षकं नंतर घालता येतात. किंमत मात्र आत्ताच, कारण पुस्तक हरवल्यावर वाद तिच्यावरूनच होतो.

अक्षरांबद्दल एक नियम आधीच लिहून भिंतीवर लावा. मुखपृष्ठावर ‘गोमन्तक’ असेल तर शीर्षकात तसंच, आणि पर्यायी शीर्षकात ‘गोमंतक’. ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणूनही टंकता येतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला नाहीत. ‘दऱ्या’तला चंद्रकोरी र सुद्धा दोन रीतींनी उमटतो. वाचनालयात दोघेजण टंकत असतील तर दोघांचाही कळफलक एकच हवा. इनस्क्रिप्ट शिकायला आठवडा लागतो, पण तो आठवडा सत्कारणी लागतो.

लेखकांची नावं ही गोव्याची खास डोकेदुखी. एकाच माणसाने मराठीत आणि कोंकणीत लिहिलेलं, पुस्तकांवर नाव तीन तऱ्हांनी छापलेलं. बा. भ. बोरकर घ्या: बोरकर बा. भ., बाळकृष्ण भगवंत बोरकर, बाकीबाब. एक रूप प्रमाण ठरवा, ‘बोरकर, बा. भ.’, आणि बाकीची रूपं प्रमाणनावांच्या फाइलमध्ये ‘पाहा’ म्हणून जोडा. हे पहिल्या वीस लेखकांसाठी केलंत तरी सहाशे पुस्तकांतला मोठा भाग सुटतो.

वर्गांकाचं फार ताणू नका. ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३, निबंध ८९१.४६४. कोंकणी साहित्य ८९१.४६९. हा आकडा कपाटात कोंकणीला मराठीच्याच रांगेच्या टोकाला नेऊन उभा करतो, आणि त्यावरून गावात काय चर्चा होऊ शकते हे सांगायला नको. कोंकणीसाठी वेगळं कपाट आणि कण्यावर वेगळ्या रंगाची पट्टी द्या. रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीची पुस्तकं असतील तर त्यांची नोंद रोमी लिपीतच करा आणि पर्यायी शीर्षक देवनागरीत द्या.

४. बारकोड

सगळ्यात महागडी चूक म्हणजे मागच्या मुखपृष्ठावर छापलेला आयएसबीएनचा बारकोडच प्रतीचा बारकोड म्हणून वापरणं. त्या पुस्तकाची दुसरी प्रत आली की दोघींचा आकडा एकच, आणि कोण कुठली घेऊन गेलं ते देवालाही कळत नाही. प्रत्येक प्रतीला स्वतंत्र आकडा हवा. सोपी रीत अशी: दाखलअंकापुढे १ लावून सहा अंकी आकडा करा. दाखलअंक १२३ असेल तर १००१२३. पुढे शून्य नसल्यामुळे एक्सेल काही गिळत नाही. सभासदांचे आकडे २ ने सुरू करा, म्हणजे घाईत पुस्तकाच्या जागी सभासदपत्र स्कॅन झालं तरी चूक लगेच दिसते.

बारकोडात देवनागरी अक्षरं-अंक बसत नाहीत, रोमनच लागतात. याच कारणाने स्कॅनर वापरताना संगणकाचा कळफलक इंग्रजीवर ठेवा. स्कॅनर म्हणजे यंत्राच्या दृष्टीने वेगाने टंकणारा कळफलकच. मराठी कळफलक चालू असला की आकडे देवनागरीत उमटतात, प्रणाली म्हणते ‘असं पुस्तक नाही’, आणि सगळे स्कॅनरला दोष देतात. स्कॅनर आल्यावर आधी साध्या नोटपॅडमध्ये एक पुस्तक स्कॅन करा. आकडा उमटून कर्सर पुढच्या ओळीत गेला पाहिजे. गेला नाही तर स्कॅनरच्या माहितीपत्रकात ‘एंटर’ जोडण्याचा एक बारकोड असतो, तो एकदा स्कॅन केला की झालं.

लेबलांसाठी ए-फोर कागदावर ६५ लेबलं असलेला प्रकार पुरतो, एक लेबल साधारण ३८ बाय २१ मिमी. प्रत्येक पुस्तकाला दोन: एक मलपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यात, एक आत शीर्षकपानामागे. बाहेरचं निघालं तर आतलं राहतं. सहाशे पुस्तकांना बाराशे लेबलं, म्हणजे एकोणीस कागद. वाया जाणारे धरून पंचवीस आणा. छापताना ‘फिट टू पेज’ बंद आणि प्रमाण शंभर टक्के, नाहीतर पहिली ओळ बरोबर येते आणि तेरावीपर्यंत बारकोड कडेवर सरकलेला असतो. पहिली छपाई साध्या कागदावर करून लेबलांच्या कागदामागे धरून उजेडात पाहा.

लेबलं नोव्हेंबर ते मे या काळात चिकटवा. पावसाळ्यात पुस्तकाच्या आवरणात ओल असते, गोंद धरत नाही आणि ऑगस्टपर्यंत निम्मी लेबलं टेबलाखाली सापडतात. वरून साधी सेलोटेप लावू नका. वर्षभरात ती पिवळी पडते आणि तिचा गोंद कडेने पाझरून शेजारच्या पुस्तकाला चिकटतो.

५. सभासद आणि नियम

अर्ज, एक फोटो, पत्त्याचा पुरावा, अनामत. आधार कार्ड बघा आणि परत द्या. झेरॉक्स फाइलमध्ये साठवू नका, आणि आधार क्रमांक प्रणालीत तर अजिबात भरू नका, त्याचा वाचनालयाला उपयोग शून्य आणि जोखीम पूर्ण. मुलांच्या अर्जावर आई-वडिलांची सही आणि फोन क्रमांक वापरण्याची संमती घ्या.

सुट्ट्या आधीच प्रणालीच्या कॅलेंडरमध्ये भरा: चतुर्थी, दिवाळी, ३ डिसेंबरचं सेंट झेवियरचं फेस्त, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, नाताळ, शिगमो, आणि गावच्या जत्रेचा दिवस, ज्या दिवशी वाचनालय उघडं ठेवलंत तरी कुणी येणार नाही. नाहीतर बंद दिवसांचा दंड लागतो आणि पहिल्याच महिन्यात भांडण. मुलांना दंडच ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत. दहा रुपयांच्या दंडाला घाबरून मूल पुस्तकासकट गायब होतं, आणि पुस्तक दोनशेचं असतं.

६. वाड्यावरची पेटी

संगणकीकरणाचा खरा फायदा इथे मिळतो, कारण कोणतं पुस्तक कुठे आहे हे आता एका क्षणात कळतं. गावच्या मुख्य रस्त्यावरच्या वाचनालयात लांबच्या वाड्यावरची बाई, शाळकरी पोर किंवा म्हातारं माणूस सहसा येत नाही. पुस्तकांनीच जायला हवं.

साठ बाय चाळीस सेमीचा झाकणाचा प्लॅस्टिक क्रेट घ्या. चाळीस पुस्तकं सरासरी अडीचशे ग्रॅमची धरली तर दहा किलो, क्रेट दोन किलो. एका माणसाला रिक्षातून किंवा गाडीतून नेता येतं. पन्नासच्या वर पुस्तकं भरू नका, कारण उचलणारा दुसऱ्या महिन्यात कंबर धरून बसतो आणि उपक्रमही बसतो.

चाळीस कशी भरायची? सुरुवातीला चित्रांची बालपुस्तकं चौदा, मोठ्या मुलांसाठी सहा, कथा-कादंबऱ्या आठ, कोंकणी चार, आरोग्य-शेती-पाककृती मिळून चार, स्पर्धा परीक्षेची दोन, मोठ्या टाइपातली दोन. तीन फेऱ्यांनंतर त्या वाड्याचीच आकडेवारी बघा आणि बदला. काही वाड्यांवर बालपुस्तकंच तीस लागतात. दर फेरीत दहा-बारा पुस्तकं बदला. सगळी बदलली तर मागच्या वेळी हेरून ठेवलेलं पुस्तक गायब होतं आणि वाचक हिरमुसतो.

पेटीतली पुस्तकं कुणाच्या नावावर काढू नका. कोहातल्या ‘बॅच आयटम मॉडिफिकेशन’मध्ये चाळीसही बारकोड एकदम स्कॅन करून त्यांचं स्थान ‘पेटी १’ करा. तालिकेत पुस्तक पेटीत असल्याचं दिसतं आणि वाड्यावरचा प्रत्येक वाचक स्वतःच्या सभासद क्रमांकावर ते घेतो.

जागा निवडताना लोक आधीच जिथे जमतात तिथे जा. अंगणवाडी सुटण्याची वेळ, देवळाचा सभामंडप किंवा अग्रशाळा, स्वयंसाहाय्य गटाची बैठक, संध्याकाळचं मैदान. दर पंधरा दिवसांनी तोच वार, तीच वेळ. वार बदलला की तीन फेऱ्या वाया जातात. देवस्थान समितीकडून किंवा पंचायतीकडून एका ओळीची का होईना, लेखी परवानगी घ्या.

वाड्यावर नेटवर्क असेलच असं धरू नका, सत्तरी, सांगे आणि काणकोणच्या आतल्या भागांत तर नकोच. वहीत तीन रकाने पुरतात: पुस्तकाचा आकडा, सभासदाचा आकडा, दिलं की घेतलं. त्याच संध्याकाळी वाचनालयात नोंद करा, आणि हा क्रम पाळा: आधी सगळी परत आलेली, मग सगळी दिलेली. उलट केलं तर जे पुस्तक रमाबाईंनी परत करून लगेच शेजारणीने घेतलं, ते प्रणालीत अजून रमाबाईंकडेच असतं. शेजारणीला देताना प्रणाली तसा इशारा देते, ग्रंथपाल त्यावर ‘हो’ दाबतो आणि मग शेजारणीच्या नावावरचं पुस्तक परतीच्या नोंदीत जमा होऊन मोकळं दिसू लागतं. परतीची तारीखही वाड्यावरच्या दिवसाची टाका, नोंद करण्याच्या दिवसाची नको.

फेरी पंधरा दिवसांची असली तरी पेटीच्या सभासदांना मुदत तीस दिवसांची द्या. एक फेरी पावसाने बुडाली तरी कुणी थकबाकीदार होत नाही. जून-जुलैत भातलावणी असेल तिथे फेरी अंधार पडता पडता ठेवा. चतुर्थीच्या आठवड्यात जाऊच नका, घरं पाहुण्यांनी भरलेली असतात. मे महिन्याची सुट्टी मात्र सोडू नका, वर्षातला सगळ्यात जास्त वाचणारा महिना तोच.

७. शाळा, आणि घरात बसलेले वाचक

शाळेशी बोलताना ‘वाचनाचं महत्त्व’ यावर भाषण द्यायला जाऊ नका. एक तास मागा. त्यात पंधरा मिनिटं एक पुस्तक मोठ्याने वाचा, चित्रं दाखवत. वीस मिनिटं मुलांना पुस्तकं चाळू द्या, पाच मिनिटं देवघेव, उरलेला वेळ गोंधळाला. गोव्यात एक गोष्ट वेगळी आहे: अनेक मुलांची घरची बोली कोंकणी, पाठ्यपुस्तक मराठी. पुस्तक मराठीतलं वाचा आणि मधलं बोलणं मुलांच्या बोलीत करा. मुलं खुलतात, शब्दही पक्के होतात. पणजीतल्या बुकवर्मसारख्या संस्था शाळा आणि वस्त्यांत ग्रंथालय नेण्याचं काम वर्षानुवर्षं करत आहेत. नव्या माणसाने अशी एखादी फेरी जवळून पाहावी.

घराबाहेर न पडणाऱ्या ज्येष्ठांसाठी चार पुस्तकांची कापडी पिशवी, तीन आठवड्यांनी एकदा. प्रत्येकाचं एक कार्ड ठेवा: काय आवडतं, टाइप केवढा लागतो, काय वाचून झालं. वाचून झालेलं पुस्तक पुन्हा पाठवलं की ते काही बोलत नाहीत, फक्त पुढच्या वेळी ‘नको’ म्हणतात. दृष्टिहीन वाचकांची सुगम्य पुस्तकालयात नोंदणी करून द्या. तिथे दिव्यांगांसाठी सुलभ स्वरूपातली पुस्तकं मोफत मिळतात, प्रमाणपत्र मात्र लागतं. राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात ब्रेल विभाग आहे.

८. लोकांसाठीचा संगणक आणि व्हॉट्सॲप

देवघेवीचा संगणक आणि लोकांचा संगणक एक ठेवू नका. लोकांच्या संगणकावर ‘गेस्ट’ सत्र चालू ठेवा, जे बंद करताच सगळं पुसतं. उत्पन्नाचे दाखले आणि गुणपत्रिका डाउनलोडमध्ये तशाच पडलेल्या आढळणं हे अशा संगणकांचं नेहमीचं दुखणं. अर्ज भरायला मदत करा, पण ओटीपी सभासदालाच टाकू द्या. विद्यार्थ्यांना भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची नोंदणी करून द्या. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेलं आहे आणि मोफत आहे.

व्हॉट्सॲपवर ग्रुप नको, ब्रॉडकास्ट यादी हवी. ग्रुपमध्ये सगळ्यांचे क्रमांक सगळ्यांना दिसतात आणि चौथ्या दिवशी सुप्रभात सुरू होतं. ब्रॉडकास्टची अट अशी की ज्यांनी वाचनालयाचा क्रमांक फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच निरोप जातो, म्हणून सभासद करतानाच तो जतन करून घ्या. एका यादीत २५६ माणसं बसतात. आठवड्याला एकच निरोप: तीन नवी पुस्तकं आणि पेटी कुठल्या वारी कुठे.

९. पाऊस, वीज आणि बॅकअप

आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. कपाटं भिंतीपासून दहा सेमी पुढे ओढा, खालचा कप्पा पावसाळ्यात रिकामा ठेवा, पंखा चालू ठेवा. संगणकाचा डबा जमिनीवर नको. मे अखेरीच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटी पावसात यूपीएससकट सगळं प्लगमधून काढा, नुसतं बटण बंद करून वीज अडत नाही. इंटरनेटची तारही काढा, विजेचा झटका त्यातूनही येतो.

कोहा रोज आपला बॅकअप घेतं, पण त्याच डिस्कवर. दर शनिवारी तो बाह्य डिस्कवर उतरवा आणि डिस्क काढून ठेवा. जोडलेलीच राहिली तर वीज दोन्ही एकदम नेते. दुसरी डिस्क सचिवांच्या घरी, महिन्यातून एकदा अदलाबदल. आणि सहा महिन्यांनी एकदा दुसऱ्या संगणकावर तो बॅकअप खरोखर उघडून बघा. बॅकअप रिकामा होता हे कळायची चुकीची वेळ म्हणजे गरज पडल्याची वेळ.

दाखल नोंदवही हाताने लिहिणं थांबवू नका. वर्षातून एकदा संगणकातली यादी छापून बांधून घ्या, तीही चालते, पण लेखापरीक्षकाशी आधी बोलून.

१०. गावचे जुने कागद

पहिल्या पायरीत बाजूला ठेवलेल्या स्मरणिका आणि पुस्तिका आता काढा. आधी राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला यादी दाखवा. तिथे जुन्या वर्तमानपत्रांचं आणि दुर्मीळ ग्रंथांचं डिजिटायझेशन झालेलं आहे, तेच पुन्हा करण्यात अर्थ नाही.

मजकुराला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) पुरतं, बारीक टाइपाच्या वर्तमानपत्राला ४००. रंगीत, न दाबलेल्या (अनकंप्रेस्ड) टिफ स्वरूपात ए-फोरचं एक पान ३०० डीपीआयला साधारण २६ एमबी होतं. शंभर पानांची स्मरणिका म्हणजे २.६ जीबी. एक टीबीच्या डिस्कवर पावणेचारशेच्या आसपास मावतील. वाचकांसाठी वेगळी छोटी पीडीएफ करा. कणा ठिसूळ असेल तर सपाट स्कॅनरवर दाबू नका, पुस्तक नव्वद अंशांत उघडं ठेवून वरून कॅमेऱ्याने घ्या. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी आणि पोर्तुगीज दोन्ही छापील मजकूर ओळखतं. मोडी किंवा हस्तलिखिताची अपेक्षा त्याच्याकडून करू नका. फाइलचं नाव देवनागरीत किंवा मोकळ्या जागा सोडून देऊ नका, दाखलअंक आणि पानक्रमांक एवढंच ठेवा.

कॉपीराइटचा कायदा थोडक्यात असा: लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. बोरकर १९८४ साली गेले, तेव्हा त्यांच्या पुस्तकांवरचे हक्क २०४४ अखेरपर्यंत. तोवर अशी पुस्तकं नेटवर टाकता येणार नाहीत. मात्र ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवायला कायद्याने मुभा आहे. ती वाचनालयातल्या संगणकापुरतीच ठेवा. स्मरणिकेत डझनभर लेखकांचे लेख असतात, तिथे नुसती प्रकाशक मंडळाची परवानगी पुरेलच असं नाही, लेखकांची किंवा त्यांच्या वारसांचीही लेखी परवानगी घ्या.

गावातल्या एखाद्या घराने जुने कागद स्कॅन करायला दिले तर दोन प्रतींत पावती करा: काय घेतलं, किती पानं, कोणत्या स्थितीत, परत कधी. कागद दोन आठवड्यांत परत करा आणि सोबत पेनड्राइव्हवर स्कॅनची प्रत द्या.